शेवटच्या मिनिटाचा सल्ला : विमानवाहतुकीतील मानवी निर्णय आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरील संशोधनाचा आढावा

विमान चालवणाऱ्या किंवा विमानांची ये-जा हाताळणाऱ्या माणसाला निर्णय घेताना यंत्राने मदत करावी ही कल्पना जुनीच आहे. नवे एवढेच की ही मदत पूर्वी अभियंत्यांनी एकेक करून लिहिलेल्या नियमांतून येत असे आणि आता ती असंख्य उड्डाणांच्या नोंदी चाळून स्वतःच ठोकताळे बांधणाऱ्या संगणकीय प्रणालींतून येऊ लागली आहे. या प्रणालींना कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले जाते, आणि त्यांनी निर्णय आपल्या हाती न घेता तो घेणाऱ्या माणसाला माहिती, अंदाज किंवा पर्याय पुरवावेत या व्यवस्थेला निर्णयसाहाय्य म्हणता येईल. गेल्या दहा-पंधरा वर्षांत डेल्फ्ट, तुलूझ, स्टॅनफर्ड, एमआयटी आणि भारतात बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी या विषयाभोवती पीएच.डी.चे बरेच काम झाले आहे. ते काम नेमके कोणत्या प्रश्नाशी येऊन थांबले आहे आणि महाराष्ट्रातून त्याकडे पाहताना काय वेगळे दिसते, याचा हा आढावा आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुऱ्याला विमानतळ नाही, परंतु त्याच्या आसमंतातून पूर्व-पश्चिम जाणारी विमाने मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रात, म्हणजे भारतीय आकाशाच्या ज्या मोठ्या विभागांची जबाबदारी चार महानगरांतील केंद्रांकडे वाटून दिलेली आहे त्यांपैकी एका विभागात, उडत असतात. नांदुरा ओळखले जाते ते हनुमानाच्या १०५ फुटी मूर्तीमुळे आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानकामुळे, आणि या विषयाचा पहिला धडा त्या स्थानकावरच समजून घेणे सोपे आहे. रेल्वेत सांधे आणि सिग्नल एकमेकांत अशा रीतीने गुंतवलेले असतात की परस्परविरोधी मार्ग एकाच वेळी मोकळे करून देता येत नाहीत. यंत्रणेत बिघाड झाला तर सिग्नल लाल होतो, गाडी उभी राहते आणि उभी राहिलेली गाडी सुरक्षित असते. आकाशातील विमानाला उभे राहण्याची सोय नाही. त्यामुळे यंत्राने केवळ ‘नाही’ म्हणून भागत नाही, त्याला ‘मग काय करावे’ हेही सांगावे लागते, आणि तेथूनच माणूस व यंत्र यांच्यातील अधिकाराचा प्रश्न सुरू होतो.

या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी विमानवाहतुकीतूनच सुरू झाली. १९५१ साली अमेरिकेत पॉल फिट्स यांच्या संपादनाखाली हवाई मार्गनिर्देशन व वाहतूक नियंत्रण यांवर जो अहवाल निघाला त्यात माणूस कशात सरस आणि यंत्र कशात सरस याची यादी होती, आणि पुढची कित्येक वर्षे कामाची वाटणी या यादीबरहुकूमच होत राहिली. १९७८ मध्ये एमआयटीचे शेरिडन आणि व्हरप्लँक यांनी स्वयंचलनाच्या दहा पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खालच्या पायरीवर सारे काही माणूस करतो, मधल्या पायऱ्यांवर यंत्र पर्याय सुचवते किंवा माणसाच्या संमतीने कृती करते आणि सर्वांत वरच्या पायरीवर ते माणसाला विचारतही नाही. भारतात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ राजा परशुरामन यांनी शेरिडन व विकेन्स यांच्यासह २०००मध्ये या शिडीची फोड केली. माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे, पर्याय निवडणे आणि कृती करणे हे चार वेगळे टप्पे असून प्रत्येकात स्वयंचलनाचे प्रमाण निराळे ठेवता येते, असे त्यांचे म्हणणे होते. आजचे बहुतेक प्रबंध या चौकटीतच लिहिले जातात, पण चौकट सांगून झाल्यावर तिचा उपयोग करणारे प्रबंध त्या मानाने कमी आहेत. पहिल्या दोन टप्प्यांतील मदत आणि तिसऱ्या टप्प्यातील मदत यांत गुणात्मक फरक आहे हे परशुरामन यांच्या मांडणीचे खरे मर्म होते, आणि नेमके तेच पुष्कळदा हरवते.

लंडनच्या लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ सालच्या एका छोट्या लेखात यातला पेच दाखवून दिला होता. सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाचा हात त्या कामातून सुटतो, आणि मग यंत्र जेथे हरते तेथे, म्हणजे सर्वांत कठीण क्षणी, सराव सुटलेल्या त्याच माणसाकडून सर्वोत्तम कौशल्याची अपेक्षा केली जाते. भारताला याचा अनुभव सात वर्षांत आला. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळुरूला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० हे नव्या पिढीचे विमान धावपट्टीपूर्वीच जमिनीवर आदळले आणि १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. विमानाची स्वयंचलित यंत्रणा इंजिनांची शक्ती किमान ठेवणाऱ्या उतरणीच्या रीतीत राहिली होती आणि वेग घटत चालल्याचे वैमानिकांच्या ध्यानात आले तोवर उशीर झाला होता. यंत्र त्याला सांगितल्याप्रमाणेच वागत होते. ते काय करीत आहे हे माणसाला वेळेवर उमगले नाही. मिका एंड्सली यांनी पुढे ‘परिस्थितीचे भान’ ही संकल्पना तीन पातळ्यांत मांडली, ती म्हणजे समोर काय आहे ते टिपणे, त्याचा अर्थ कळणे आणि पुढे काय होईल याचा अंदाज येणे. बंगळुरूला आकडा समोरच्या पडद्यावर होता, त्याचा अर्थ मात्र योग्य वेळी पोचला नाही.

यंत्राचा सल्ला ऐकावा की माणसाचा, हा प्रश्न आकाशात सर्वांत कठोरपणे विचारला गेला तो टक्कर टाळणाऱ्या उपकरणामुळे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मरण पावली आणि त्यानंतर भारतात हे उपकरण सक्तीचे झाले. टीकॅस या नावाने ओळखले जाणारे हे उपकरण दुसऱ्या विमानाच्या उपकरणाशी संदेशांची देवाणघेवाण करून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली जाण्यास सांगते. १ जुलै २००२च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगनवर या उपकरणाने एका रशियन विमानाला वर जाण्यास सांगितले, तर जमिनीवरच्या नियंत्रकाने त्याच वेळी खाली येण्यास सांगितले. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, समोरच्या मालवाहू विमानाने उपकरणाचे ऐकले, दोन्ही विमाने खाली आली आणि ७१ जीव गेले. दोन्ही सल्ले अपघात टाळण्यासाठीच होते. त्यानंतर उपकरणाच्या आज्ञेला नियंत्रकाच्या सूचनेहून वरचे स्थान असल्याचा नियम जगभर निःसंदिग्ध करण्यात आला. शेवटच्या अर्ध्या मिनिटापुरता अधिकार यंत्राला देऊन टाकणे हे येथे शहाणपणाचे ठरले, परंतु त्यामागे प्रश्न अत्यंत अरुंद होता हे विसरता येणार नाही : दोन विमाने, दोन दिशा आणि एक उत्तर.

या अरुंद प्रश्नावरच कृत्रिम बुद्धिमत्तेचे सर्वांत भक्कम काम झालेले आहे. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत टीकॅसचा वारस म्हणून एसीएएस एक्स ही प्रणाली तयार झाली. तिच्यात नियम हाताने लिहिलेले नाहीत. संभाव्य भेटींचे गणिती नमुने मांडून प्रत्येक स्थितीत कोणता सल्ला सर्वांत कमी धोक्याचा ठरतो हे संगणकाकडून आधीच काढून घेतले जाते आणि त्याचा प्रचंड तक्ता विमानात ठेवला जातो. मानवरहित विमानांसाठीच्या आवृत्तीत हा तक्ता फार मोठा होऊ लागल्याने स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तो न्यूरल नेटवर्कमध्ये, म्हणजे उदाहरणांवरून आपल्यातील आकडे जुळवत जाणाऱ्या गणिती जाळ्यात, सुमारे हजारपटीने लहान करून बसवून पाहिला. मग प्रश्न आला की असे जाळे एखाद्या विचित्र स्थितीत भलताच सल्ला देणार नाही याची हमी कोण देणार. २०१७ साली गाय कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी रिलूप्लेक्स या पद्धतीने अशा ४५ जाळ्यांच्या संचावर काही गुणधर्मांची गणिती सिद्धता तपासून दाखवली. विमानवाहतुकीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शास्त्राला दिलेली ही मोठी देणगी आहे, कारण पुढे जाळ्यांच्या सिद्धतेवरील कित्येक प्रबंधांनी कसोटी म्हणून हेच उदाहरण वापरले. मात्र या सिद्धतेने सल्ल्याचे गणित तपासले जाते. तो सल्ला ऐकणाऱ्या माणसाचे काय, हे तिच्या कक्षेबाहेर राहते.

माणसाच्या बाजूने विचार करणारे सर्वांत बोलके काम डेल्फ्टचे आहे. हवाई वाहतूक नियंत्रक संगणकाचा सल्ला का नाकारतात याचा शोध घेताना ब्रायन हिलबर्न, कार्ल वेस्टिन आणि सहकाऱ्यांनी एक खोडकर प्रयोग रचला. नियंत्रकांनी विमानांमधील संघर्ष सोडवण्यासाठी पूर्वी स्वतःच दिलेली उत्तरे त्यांनी जपून ठेवली, प्रसंगांची मांडणी ओळखू येणार नाही अशी फिरवली आणि नंतर तीच उत्तरे संगणकाचा सल्ला म्हणून त्यांच्यापुढे ठेवली. सुमारे चौथ्या हिश्शाच्या वेळी नियंत्रकांनी आपलेच उत्तर नामंजूर केले. वेस्टिन यांच्या प्रबंधाचा गाभा असा की सल्ला माणसाच्या स्वतःच्या पद्धतीशी जुळणारा असेल तर तो स्वीकारला जाण्याची शक्यता वाढते. या आढाव्याच्या दृष्टीने मात्र न जुळलेला तो चौथा हिस्सा अधिक महत्त्वाचा आहे, कारण सल्ल्याची गुणवत्ता आणि सल्ल्याचा स्वीकार या दोन स्वतंत्र गोष्टी असल्याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे अवघड आहे. दुसऱ्या टोकाला मोझियर व स्किटका यांनी दाखवलेला कल आहे, ज्यात यंत्राने सांगितले म्हणून माणूस स्वतःच्या डोळ्यांना दिसणाऱ्या विरोधी खुणांकडे दुर्लक्ष करतो. ज्याला सर्वत्र ‘विश्वास’ म्हटले जाते त्याचे मोजमाप म्हणूनच कठीण आहे. तो कमी असून चालत नाही आणि जास्त असूनही चालत नाही. प्रश्नावलीत नियंत्रकाने पाचपैकी चार गुण दिले एवढ्यावरून काही सिद्ध झाल्याचे मानणारे प्रबंध या अडचणीला वळसा घालून पुढे जातात.

भारतीय अनुभव या चर्चेत काय भर घालतो हे पाहण्यासाठी टेबलटॉप, म्हणजे डोंगर सपाट करून बांधलेल्या व टोकाला दरी असलेल्या, धावपट्ट्यांवरील दोन अपघात पुरेसे आहेत. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ जण दगावले. कप्तान बराच वेळ झोपेत होते आणि उतरणी सुरू झाली तेव्हा विमान अपेक्षेपेक्षा फार उंच होते. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास, म्हणजे गो-अराउंड करण्यास, एकाहून अधिक वेळा सांगितले आणि जमीन जवळ आल्याची सूचना देणारे यंत्रही आपल्या परीने बजावत होते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिक्कोडला तसेच घडले. पावसात पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागल्यावर विमान विरुद्ध बाजूच्या धावपट्टीवर, पाठीमागून वारा असताना, उतरवण्यात आले. ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर सुमारे ४,४३८ फूट पुढे जाऊन चाके टेकली आणि त्या अपघातात दोन्ही वैमानिकांसह २१ जण मरण पावले. कप्तान दीपक साठे हे हवाई दलातील माजी अधिकारी आणि अत्यंत अनुभवी वैमानिक होते. त्यांचे आईवडील नागपूरला राहत असल्याने विदर्भात या बातमीचा धक्का घरच्यासारखा बसला होता. चौकशी अहवालाने संभाव्य कारण म्हणून प्रमाणित कार्यपद्धतीपासून झालेली फारकत नोंदवली, सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटल्याचे नोंदवले, आणि त्यापुढे जाऊन आणखी एक गोष्ट नोंदवली : दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कप्तानांकडे होते आणि कोळिक्कोडच्या तळावर पुरेसे कप्तान नव्हते, त्यामुळे तेथेच उतरण्याकडे मनाचा ओढा होता.

या दोन्ही प्रसंगी योग्य सल्ला कॉकपिटमध्ये हजर होता. तो माणसाच्या तोंडून आला होता, मंगळुरूला तर यंत्राच्या आवाजातही आला होता, आणि तरीही पाळला गेला नाही. आणखी एक यंत्र आणखी हुशारीने तोच सल्ला त्याच क्षणी देणार असेल तर त्याचा निकाल वेगळा का लागावा, याचे उत्तर निर्णयसाहाय्यावरील बहुतेक प्रबंध देत नाहीत. कोळिक्कोडचा ओढा तर वारा, वेग आणि उंची यांच्या आकड्यांत कोठेच नव्हता. तो कामाच्या वेळापत्रकात होता, आणि उड्डाणाच्या नोंदींवर शिकवलेल्या प्रणालीला वेळापत्रक दिसत नाही. यापूर्वीचे उदाहरण मराठवाड्यातलेच आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून मुंबईला निघालेले बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडील रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींनी भरलेल्या मालमोटारीला धडकले आणि ५५ जणांचा बळी गेला. विमानाचे नाक उशिरा व चुकीच्या रीतीने उचलल्याबद्दल वैमानिकांवर ठपका आला, तसाच उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक न रोखल्याबद्दल विमानतळ प्राधिकरणावरही आला. गाठींच्या मालमोटारी खामगाव-नांदुरा पट्ट्यात कापसाच्या हंगामात नित्याच्या असतात. विमानाच्या संगणकाला मात्र अशी मालमोटार ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

नोंदींवरून शिकण्याच्या पद्धतीत याहून खोल एक अडचण आहे. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात वेग, उंची, दिशा आणि उतार ठरलेल्या मर्यादांत नसतील तर अवतरण अस्थिर मानले जाते आणि नियमाने ते सोडून द्यायला हवे. परंतु फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार जगभरात अशा अवतरणांपैकी सुमारे ३ टक्केच प्रत्यक्षात सोडली जातात. उरलेल्या ९७ टक्क्यांत विमान बहुधा सुखरूप उतरते. आता अशा नोंदींवर प्रणालीला ‘अनुभवी वैमानिक काय करतात’ हे शिकवले तर ती उतरत राहायलाच शिकेल, आणि ‘कशाचा शेवट चांगला झाला’ हे शिकवले तरी जवळपास तेच शिकेल, कारण अपघात इतके विरळ आहेत की आकड्यांच्या ढिगात ते दिसेनासे होतात. शहाणपण असे ज्याला म्हणतात ते येथे नोंदींत नाही, नियमात आहे, आणि तो नियम बहुसंख्य वेळा मोडला जातो. बक्षीस व शिक्षा यांच्या आकड्यांवरून यंत्राला शिकवणाऱ्या पद्धतींत हा दोष टाळण्यासाठी शिक्षेचा आकडा माणसालाच ठरवावा लागतो. म्हणजे माणसाचा निर्णय टळत नाही, तो फक्त कॉकपिटमधून उचलून प्रयोगशाळेत नेला जातो.

याच्या उलट, जेथे मदत लवकर येते आणि अर्थ लावण्यापुरती मर्यादित राहते तेथे चित्र आशादायक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१५च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर चालवलेला धुक्याचा प्रयोग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जमिनीची आर्द्रता, सूक्ष्म कण, वाऱ्याचे थर यांची मोजमापे घेऊन दाट धुक्याचा काही तास आधी अंदाज देणारी प्रतिमाने त्यातून उभी राहिली. हे काम प्रामुख्याने भौतिकशास्त्रावर आधारलेले आहे आणि त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणण्याचा मोह टाळलेला बरा, परंतु निर्णयसाहाय्याचा नमुना म्हणून ते उत्तम आहे : सकाळी धुके असणार हे आदल्या रात्री कळले तर जादा इंधन घ्यावे का, पर्यायी विमानतळ कोणता धरावा, उड्डाणच उशिरा सोडावे का, हे प्रश्न जमिनीवर, बसून, एकाहून अधिक माणसांना सोडवता येतात. मुंबईत गरज वेगळी असली तरी रीत तीच लागेल. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या एका वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नसल्याने मुंबईला प्रत्यक्षात एकाच धावपट्टीवर तासाला ४६पर्यंत विमाने हाताळली जात होती. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या तासांतील ही संख्या ४४वर आणायला लावली, कारण विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत होत्या. घिरट्या घालणाऱ्या विमानाचे इंधन घटत असते आणि त्याबरोबर वैमानिकापुढचे पर्यायही. मुंबईवर गर्दी होणार हे विमान नागपूरहून निघण्यापूर्वी सांगणारी प्रणाली ही शेवटच्या क्षणी ‘वळा’ म्हणणाऱ्या प्रणालीपेक्षा कमी चमकदार असली तरी अधिक उपयोगाची आहे.

नियामकांची भूमिका सावध आहे. युरोपीय विमानसुरक्षा संस्थेने २०२०मध्ये पहिला व २०२३मध्ये दुसरा आराखडा प्रसिद्ध करून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तीन पातळ्या ठरवल्या. पहिल्या पातळीवर ती माणसाला साहाय्य करते, दुसऱ्यावर माणूस आणि यंत्र जोडीने काम करतात, तिसऱ्यावर यंत्र बऱ्याच अंशी स्वायत्त असते. ब्रिटनमध्ये ॲलन ट्युरिंग संस्था, एक्सेटर विद्यापीठ आणि तेथील हवाई नियंत्रण संस्था नॅट्स यांनी प्रोजेक्ट ब्लूबर्ड नावाने हवाई क्षेत्राची संगणकीय प्रतिकृती उभारून त्यात नियंत्रकाचे काम यंत्राला शिकवण्याचा प्रयत्न चालवला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकाच्या नजरेच्या हालचालींवरून त्याच्या मेंदूवरचा ताण ओळखण्यावर काम झाले असून, सल्ला कोणत्या क्षणी द्यावा आणि कोणत्या क्षणी गप्प बसावे हे यंत्राला कळायचे असेल तर ही दिशा आवश्यक वाटते. संभाषण ओळखणाऱ्या प्रणालींचे मात्र तसे नाही. नियंत्रक व वैमानिक यांचे रेडिओवरील बोलणे टिपण्यासाठी युरोपात एटीको-२ या प्रकल्पाने मोठा ध्वनिसंग्रह जमवला, पण तो प्राग, झुरिक, सिडनी अशा ठिकाणांचा आहे. मराठी, मल्याळी किंवा पंजाबी वळणाचे इंग्रजी त्या प्रणालीला किती कळेल हे मुंबईच्या रेडिओवर तपासल्याखेरीज ठरणार नाही.

हे काम महाराष्ट्रात व्हायला हवे, आणि ते केवळ पवईच्या आयआयटीचे आहे असे मानण्याचे कारण नाही. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५मध्ये मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली आणि तेथे एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची शाळा योजली आहे. यंत्राचा सल्ला तपासून घ्यायला नवख्या वैमानिकाला कसे शिकवावे, या प्रश्नाला याहून चांगली प्रयोगभूमी विदर्भात नाही. नांदुऱ्याच्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीसाठी शेगावचे महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे, आणि प्रारंभासाठी लागणारी साधने फुकट आहेत : डेल्फ्टने तयार केलेला ब्लूस्काय हा हवाई वाहतुकीचा प्रतिरूपक कोणालाही वापरता येतो, ओपनस्काय नेटवर्क संशोधकांना विमानांच्या मार्गांच्या नोंदी देते, आणि मंगळुरू व कोळिक्कोडचे चौकशी अहवाल सर्वांना खुले आहेत. जे फुकट मिळत नाही ते म्हणजे भारतीय विमानांच्या उड्डाणनोंदी, वैमानिकांच्या कामाची वेळापत्रके आणि नियंत्रकांचा वेळ. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी नावे व ओळख काढून टाकून ही सामग्री विद्यापीठांना उपलब्ध करून द्यावी, आणि तिच्यात वारा व वेग यांच्या शेजारी वेळापत्रकाचा रकाना आवर्जून ठेवावा.